सोमवारपासून सगळे खरे

नव्या जागी पहिल्या दिवशी काम संपलं तशी नेलिदा चिरिनोस दारापाशी गेली आणि वॉचमनसमोर तिने आपली पिशवी उघडून धरली. पिशवी पारदर्शक प्लॅस्टिकची. कंगवा, छत्री, डबा, आईच्या गोळ्या, सगळं बाहेरूनच दिसत होतं. तरी तिने चेन पूर्ण ओढली, डब्याचं झाकण काढून दाखवलं आणि दोन्ही हात वर करून उभी राहिली. वॉचमन पन्नाशीचा सरळमार्गी माणूस. तो बिचारा एकदा पिशवीकडे बघतो, एकदा तिच्याकडे.

"बाई, काही हरवलंय का तुमचं?"

"तपासा ना."

"काय तपासू?"

नेलिदाला वाटलं, हा मुद्दाम वेड पांघरतोय. तिने डबा त्याच्या नाकाखाली नेला. त्याने वास घेतला, रोकोतो मिरचीचा ठसका लागला त्याला, आणि खोकत खोकत त्याने दार उघडून दिलं. बाहेर पडल्यावर ती दोनदा मागे वळून बघत होती, की हा आता कुणाला फोन लावतोय.

हसू नका. अकरा वर्षं ती पेरू देशातल्या आमच्या आरेकिपा शहरातल्या एका मोठ्या दुकानात बायकांचे बूट विकत होती, आणि अकरा वर्षं रोज संध्याकाळी तिची झडती झाली होती. युनिफॉर्मचे खिसे शिवून टाकलेले. बसायला मनाई. गिऱ्हाईक असो नसो, उभंच राहायचं, वर तोंडावर हसू. पायांच्या शिरा अशा तट्ट फुगायच्या की तिची आई उर्सुलाबाई, आमच्याकडे म्हणतात तशी दोन्या उर्सुला, मिठाच्या गरम पाण्याची बादली दाराशीच तयार ठेवायची. पण हे सगळं माणूस सोसतो. खरी भीती होती ती गुप्त गिऱ्हाइकाची.

महिन्यातून दोनदा मुख्य कचेरी कुणाला तरी साध्या माणसाच्या वेषात पाठवायची. तो यायचा, बूट घालून बघायचा, तीन प्रश्न विचारायचा, सगळ्यात स्वस्तातले मोजे घेऊन जायचा. आठवड्याने मॅनेजरच्या हातात कागद. अमुक मुलगी हसली का, पॉलिश हवं का म्हणून विचारलं का, निरोपाचं ठरलेलं वाक्य शेवटपर्यंत म्हटलं का. त्या कागदावर कुणाची पाळी बदलायची, कुणाची नोकरी जायची. नेलिदाने या माणसांच्या खुणा पाठ केल्या होत्या. किमतीची चिठ्ठी उलटून बघत नाही तो खरा गिऱ्हाईक नव्हे. फार गोड आभार मानतो तो नव्हेच. आणि जो आपलं नाव विचारतो, तो तर शंभर टक्के त्यांचा. एकालाही ओळखण्यात तिची चूक झाली नव्हती, आणि याचा तिला चांगलाच अभिमान होता.

तिच्या शेजारच्या काउंटरवर मारुहा होती. तोंडाची फटकळ, आणि मनाने इतकी मऊ की कुणीही फसवावं. एक दिवस तिच्यापुढे डोंगरातली एक म्हातारी आली. भरतकामाची टोपी, घोळदार घागरे, पायाला चिखल. "पोरी, चालताना फार दुखतं गं, काय घेऊ?" मारुहा खाली वाकली आणि कानात म्हणाली, "आजी, इथलं काही घेऊ नका, पंधरा दिवसांत उसवतं. मागच्या गल्लीत चांभार आहे, मारुहाने पाठवलं म्हणा." झालं! पुढच्या आठवड्यात पाळ्यांच्या यादीत मारुहाचं नावच नाही. म्हातारी म्हातारी नव्हतीच. लिमाहून आलेली कुठल्याशा नाटक कंपनीतली बाई, वय बेचाळीस, आणि चिखल हॉटेलच्या बागेतला. आजही ही गोष्ट सांगताना माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

त्यानंतर नेलिदाचं मन दुकानातून उडालं. सहा महिने तिने संध्याकाळचा कॉम्प्युटरचा कोर्स केला, आणि मग ही कंपनी मिळाली. दवाखान्यांत रुग्णांना वेळ घेऊन देणारं ॲप बनवायची. बारा आठवड्यांची इंटर्नशिप, चार जण, आणि शेवटी त्यातल्या एकालाच कायमची जागा. बाकीचे तिघे पंचविशीच्या आतले, ही चौतिशीची. परत दुकानात जाईन म्हटलं तर दुकानात आता वीस-बावीसच्या पोरी उभ्या करतात. म्हणजे ही जागा मिळाली तर मिळाली, नाहीतर घरी आईच्या गोळ्या मोजत बसायचं. नेलिदाला हे रोज सकाळी उठल्याबरोबर आठवायचं.

आणि त्यात ती जागा कशी, तर प्रत्येक गोष्ट संशय यावा अशी. चाकांच्या खुर्च्या, खुशाल बसा. यायची-जायची वेळ कुणी लिहीत नाही. कॉफी फुकट. स्वयंपाकघरात बिस्किटांचा डबा कायम उघडा.

"फुकट?" दोन्या उर्सुला म्हणाली. "सांभाळून रहा बाई. आधी कॉफी पाजतील, मग मूत्रपिंड काढून घेतील."

"आई, काहीतरीच काय!"

"मग सांग ना, कशाला पाजतात?"

नेलिदाने आपल्या परीने हिशेब बांधला की बिस्किटं मोजलेली असणार. दोन आठवडे तिने एकही उचललं नाही. घरून आपला तीन टोकांचा पाव आणि चीज न्यायची आणि भिंतीकडे तोंड करून खायची. एकदा हात धुवायच्या जागी कुणीतरी फोन विसरलं. नेलिदाने त्याला बोटही लावलं नाही. तिघांना साक्षीदार म्हणून बोलावून आणलं आणि म्हणाली, "बघून ठेवा, मी आले तेव्हा तो इथेच होता."

तिचा वरिष्ठ होता इतालो. सत्तावीस वर्षांचा, बुटाच्या नाड्या कायम सुटलेल्या, आणि पहिल्याच दिवशी म्हणाला, "मला साहेब-बिहेब म्हणू नकोस, नुसतं इतालो म्हण." आता वरिष्ठ माणूस असं म्हणाला की शहाण्याने काय समजावं? दर शुक्रवारी तो चौघांना घेऊन बसायचा आणि विचारायचा, या आठवड्यात काय अवघड गेलं. बाकीची पोरं भडाभडा बोलायची. नेलिदा म्हणायची, "सगळं छान."

"नेलिदा, दर शुक्रवारी सगळंच छान कसं असतं गं?"

"छानच असतं," ती म्हणायची, आणि दुकानातलं हसू हसायची.

काम होतं दोन प्रकारचं. ॲप तपासायचं, आणि रुग्णांचे मेसेज आले की उत्तरं द्यायची. पहिले दहा आठवडे रुग्ण सगळे खोटे. फियोरेला म्हणून कंपनीतलीच एक मुलगी होती, ती सरावासाठी त्यांच्या नावाने मेसेज लिहायची. आणि काय लिहायची! कधी चिडका कर्नल, कधी बाळंतीण, कधी दातदुखीने कळवळणारा पाद्री. तिचे सगळे रुग्ण "एक विचारू का?" म्हणून सुरुवात करायचे, ते नेलिदाने तिसऱ्याच दिवशी हेरलं. उत्तरासाठी ठरावीक मजकूर तयार होते. त्याने भागत नसेल तर 'वरिष्ठांना कळवा' असं एक बटण होतं. पाचव्या आठवड्यात फियोरेलाच्या एका रडणाऱ्या विधवेसाठी नेलिदाने ते दाबलं. इतालोने तिला दहापैकी सहा दिले. "हे ठरावीक मजकुरात बसत होतं," तो म्हणाला, "प्रत्येक अश्रूला बटण दाबलं तर मी काम कधी करू?" तो हसत म्हणाला होता. नेलिदाने हसणं ऐकलंच नाही; तिने सहा ऐकले.

दहावा आठवडा संपला त्या शुक्रवारी इतालो म्हणाला, "आता खोटं पुरे. सोमवारपासून सगळे खरे."

नेलिदाने मान डोलावली आणि मनात म्हणाली, असं होय! दुकानाचा मॅनेजरही अगदी हेच सांगायचा, या महिन्यात कुणी येणार नाही, निवांत रहा. आणि त्याच आठवड्यात हमखास कुणीतरी यायचं. निवड पुढच्या पंधरवड्यात, आणि हे म्हणे आता परीक्षा बंद करणार. दूधखुळी नव्हती ती.

सोमवारचा दिवस तिने डोळ्यांत तेल घालून काढला. पार्किंग कुठे आहे असं एकाने विचारलं. एकाने आईवरून शिवी दिली. ही फियोरेला, तीही फियोरेला, असं ती मनात म्हणत गेली आणि प्रत्येकाला जिथल्या तिथे ठरावीक उत्तर देत गेली. पुढचा आठवडा उजाडला तोवर तिची खात्री पक्की झाली होती. निवड आता सहा दिवसांवर होती, आणि मंगळवारी दुपारी तो मेसेज आला.

"एक विचारू का? मी बासिलिसा काय्यावा, चिवायहून. भाची लिहून देते आहे. गुरुवारी सकाळी माझ्या डोळ्याच्या ऑपरेशनचा नंबर आहे. भाचीने नवीन फोन घेतला, त्यात बघितलं तर म्हणतं की तुमची वेळ रद्द. मी तर काही रद्द केलं नाही. येऊ का नको? पहाटेची बस पकडावी लागते."

नेलिदाच्या मनात शंकेची पाल अशी चुकचुकली म्हणता! एक विचारू का. डोंगरातलं गाव. आणि म्हातारी! पुन्हा म्हातारीच! अहो, जिने मारुहाला खाल्लं तीच टोपी, तेच घागरे तिच्या डोळ्यांपुढे उभे राहिले. तिने ॲपमधली यादी उघडली. गुरुवारी नऊ चाळीसच्या ओळीत नाव पुसलेलं, जागा कोरी. जागासुद्धा किती मोक्याची मोकळी ठेवलीय यांनी, ती म्हणाली. म्हणजे मला कळवळा यावा, मी बटण दाबावं किंवा मनाने काहीतरी सांगून बसावं.

तेवढ्यात दुसरी ओळ आली. "तुझं नाव काय, बाळा?"

संपलंच. शंभर टक्के.

तिने आपलं नाव दिलं आणि ठरावीक मजकूर पाठवला. "आदरणीय वापरकर्ते, आपण संपर्क साधलात याबद्दल आभारी आहोत. आपली वेळ रद्द झालेली दिसते. कृपया नवीन वेळ घ्यावी. पुढील उपलब्ध वेळ दोन महिन्यांनंतरची आहे. आपल्याला आणखी काही मदत हवी आहे का?"

"म्हणजे येऊ नको ना? तू म्हणशील तसं."

इथे तिचं बोट थांबलं, हे मी लपवणार नाही. बटण समोर होतं. पण तिला ते सहा गुण आठवले, पाळ्यांच्या यादीतून उडालेलं मारुहाचं नाव आठवलं, घर आठवलं. तिने पुन्हा लिहिलं, "आपल्याला आणखी काही मदत हवी आहे का?"

"नको बाळा. देव तुझं भलं करो. किती नीट बोललीस."

देव भलं करो! फियोरेलाने जरा जास्तच केलं आज, असं नेलिदाला वाटलं. त्या संध्याकाळी तिने आठ महिन्यांत पहिल्यांदा आईसाठी मलईचा बर्फ नेला. "आज मी त्यांना पुरून उरले," ती म्हणाली.

शुक्रवारी गावामागच्या मिस्ती डोंगरावर ताजा बर्फ पडलेला होता आणि तो कोरडा वारा सुटला होता. अशा दिवशी आमच्या गावात कुणी कुणाशी धड बोलत नाही. नेवादा चढलाय, म्हणजे बर्फाच्या वाऱ्याने डोकं फिरलंय, म्हणतात आणि सोडून देतात. इतालोसुद्धा कपाळाला आठ्या घालूनच बसला होता. त्याने चौघांच्या आठवड्याभरातल्या बोलण्यांवरून नजर फिरवली, बासिलिसापाशी आला, वाचलं आणि म्हणाला, "उत्तर लगेच दिलंस. सभ्य आहे." आणि पुढे जाऊ लागला.

"किती गुण?" नेलिदाने विचारलं.

"कशाचे?"

"याचे. आणि हे कुणी लिहिलं, तू की फियोरेलाने? ते 'देव भलं करो' फारच झक्क होतं हं."

इतालो तिच्याकडे बघत राहिला. "कुणी लिहिलं म्हणजे? बासिलिसा काय्यावाने लिहिलं. सोमवारपासून सगळे खरे, म्हणून सांगितलं नव्हतं का मी?"

"हो हो, सांगितलं होतंस," नेलिदा म्हणाली, आणि डोळा मिचकावला.

"नेलिदा," पलीकडच्या टेबलावरून फियोरेला म्हणाली, "दोन आठवड्यांत मी एक ओळ लिहिलेली नाही गं."

तरीही हिचा विश्वास बसेना. माणूस एकदा संशयात मुरला की सत्यसुद्धा त्याला दुसऱ्या फसवणुकीचं दार वाटतं. ती उठली, बाथरूममध्ये जाऊन कडी लावली आणि आपल्या फोनवरून त्या दवाखान्याला फोन लावला. आपण कुणी नातेवाईक आहोत असा आवाज काढला. आयुष्यभर ज्या माणसांची तिने धास्ती घेतली, त्यांचंच सोंग तिने त्या दोन मिनिटांत घेतलं.

"गुरुवारी नऊ चाळीसला माझ्या मावशीचा नंबर होता," ती म्हणाली. "झालं का हो ऑपरेशन?"

"ती चिवायची?" रिसेप्शनवरची बाई फणकारली. "आली कुठे! लिमाचे डॉक्टर दोन महिन्यांतून एक आठवडा येतात, तासभर हात धुऊन बसले होते तिच्यासाठी. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, आता पिकून फुटायचा राहिलाय, आणि बाईसाहेब घरी! ही खेड्यातली माणसं अशीच बेजबाबदार."

नेलिदाने फोन ठेवला. ती त्या थंड फरशीवर बसली आणि ढसाढसा रडली. कुणी ऐकतंय का याची काळजी तिला अकरा वर्षांत पहिल्यांदा वाटली नाही.

बाहेर येऊन तिने इतालोला सगळं सांगितलं. इतालोने ॲप उघडलं, पाच मिनिटं खाटखुट केलं, आणि शिवी हासडली. रुग्णाने फोन बदलला की ॲप आपोआप वेळ पुसून टाकत होतं. आपल्या बाजूनेच. दवाखान्याच्या यादीत बासिलिसाचं नाव शेवटपर्यंत जसंच्या तसं होतं.

"डॉक्टर कधी जाणार?" तिने विचारलं.

"उद्या दुपारी. अकरापर्यंत घेतात रुग्ण." इतालोने नाक चोळलं. "हे बघ. 'यंत्रात बिघाड' असं कळवलं तर दवाखाना तक्रार नोंदवेल आणि दहा दिवस घेईल. 'आमच्या माणसाने चुकीची माहिती दिली' असं पत्र गेलं तर त्यांना याच फेरीत घ्यावं लागतं, तसा करारच आहे. पण पत्रावर त्या माणसाचं नाव लागतं. आणि त्याची एक प्रत संचालकांना जाते." तो खिडकीबाहेर बघू लागला. "सोमवारी तेच निवड करणार आहेत. मी तुला लिही म्हणत नाही."

आता सांगा, हे ऐकून नेलिदाच्या मनात काय आलं असेल? तेच! ही तर नाही ना खरी परीक्षा? लिहिलं तर प्रामाणिक ठरेन आणि जागा मिळेल? की लिहिलं तर खुळी ठरेन आणि जाईन मारुहाच्या वाटेने? तिने इतालोच्या तोंडाकडे बघितलं, त्याच्या सुटलेल्या नाड्यांकडे बघितलं. काही म्हणता काही कळेना. आणि मग तिने कळून घ्यायचंच सोडून दिलं. मला ती बाई आवडते ती या एका गोष्टीसाठी.

तिने खुर्ची ओढली आणि लिहिलं. "रुग्णाने मला येऊ का असं विचारलं. मला ती बाई खोटी वाटली. खात्री करून घ्यायला एक बटण पुरेसं होतं, ते मी दाबलं नाही. चूक माझी आहे." खाली पूर्ण नाव आणि ओळखपत्राचा नंबर.

"एवढं लिहायची गरज नव्हती," इतालो म्हणाला.

"असू दे. पाठव."

पत्र गेलं. अर्ध्या तासात दवाखान्याचं उत्तर आलं, उद्या अकराच्या आत आणा, नाहीतर आमची जबाबदारी संपली. आणि एक गोष्ट आत्ताच सांगून टाकते, म्हणजे तुमचा जीव उगाच टांगणीला लागायला नको: सोमवारी ती जागा दुसऱ्या मुलाला मिळाली. नेलिदाला हे तेव्हा ठाऊक नव्हतं, पण अंदाज होता, आणि तो अंदाज पोटात घेऊनच तिने चिवायचा नंबर फिरवला.

भाचीने फोन उचलला आणि म्हातारीच्या हातात दिला.

"दोन्या बासिलिसा, मी दवाखान्याच्या ॲपमधून बोलतेय. तुमचं ऑपरेशन उद्या होऊ शकतं. पहाटेच्या बसने या."

"कोण बोलतंय?"

"ॲपमधून. तुमची वेळ चुकून..."

"हां, हां. ठाऊक आहे मला." म्हातारीचा आवाज एकदम धारदार झाला. "आमच्या इथल्या सेबेरिनोलाही असाच फोन आला होता, तुझं पेन्शन वाढलंय म्हणून. बोलावून घेतलं शहरात आणि लुबाडला त्याला. लाज नाही वाटत म्हाताऱ्या माणसाला फसवायला?"

"नाही हो, मी खरंच सांगतेय..."

"सगळे खरंच सांगतात. त्या दवाखान्यातली एक मुलगी बोलली माझ्याशी, तिने नीट सांगितलंय, दोन महिन्यांनी या म्हणून. फार चांगली मुलगी. माझा तिच्यावर विश्वास आहे. ठेव फोन."

"ती मीच आहे!" नेलिदा ओरडली. "मीच ती नेलिदा!"

"तू? ती कशी शांत, साखर घोळून बोलत होती. तू तर रडतेयस."

शेजारी इतालो उभा होता, त्याने घड्याळाकडे बोट दाखवलं. चिवायमधलं बसच्या तिकिटाचं दुकान सहाला बंद व्हायचं.

"बरं," म्हातारी म्हणाली. "तीच असशील तर सांग, काय लिहिलं होतंस तू? भाचीने मला दोनदा वाचून दाखवलंय, माझं पाठ आहे."

सगळं ऑफिस ऐकत होतं. फियोरेलाने टाइप करायचं थांबवलं होतं. नेलिदाने डोळे मिटले आणि मोठ्याने म्हणायला सुरुवात केली. "आदरणीय वापरकर्ते. आपण संपर्क साधलात याबद्दल आभारी आहोत. आपली वेळ रद्द झालेली दिसते. कृपया नवीन वेळ घ्यावी..." पाठवताना या शब्दांना काही वजन नव्हतं. आता एकेक शब्द तिचा तिलाच ऐकू येत होता. "पुढील उपलब्ध वेळ दोन महिन्यांनंतरची आहे. आपल्याला आणखी..."

"आणखी काही मदत हवी आहे का," म्हातारीने पुरं केलं. फोनमधून कुत्र्याचं भुंकणं ऐकू येत होतं.

"तीच आहेस तू," ती म्हणाली. "मग तेव्हा असं का सांगितलंस गं मला?"

"मला वाटलं, तुम्ही खऱ्या नाही."

"खरी नाही म्हणजे? माझे डोळे जातायत ते खोटं?"

"मला वाटलं, माझी परीक्षा घ्यायला कुणीतरी तुमच्या नावाने लिहितंय. मला माफ करा. माझी नोकरी जाईल याची भीती वाटली मला, आणि मी तुमचा विचारच केला नाही."

"बाई गं," म्हातारी म्हणाली, आणि भाचीला डोंगरातल्या केचुआ भाषेत काहीतरी सांगितलं. भाची काहीतरी बोलली, म्हातारी तिच्यावर खेकसली. मग फोन पुन्हा तोंडाशी आला. "रडू नकोस, कान दुखतो माझा. साडेपाचची बस आहे. पण स्टँडवर तू स्वतः ये, दुसऱ्या कुणाला पाठवू नकोस. मला तुझं तोंड बघायचंय, जेवढं दिसतं तेवढं."

शनिवारी सकाळी नऊला नेलिदा स्टँडवर उभी होती. बस साडेनऊला आली. भाचीचा हात धरून एक ठेंगणी म्हातारी उतरली, भरतकामाची टोपी, घोळदार घागरे, पाठीवर रंगीत कापडाचं बोचकं. नेलिदा पुढे झाली आणि आपलं नाव सांगितलं. म्हातारीने तिची हनुवटी धरली, तिचं तोंड आपल्या तोंडाजवळ ओढलं, आणि दुधाळ झालेल्या डोळ्यांनी कितीतरी वेळ बघत राहिली. कधी एक डोळा मिटून, कधी दुसरा.

"काही दिसत नाही," ती शेवटी म्हणाली. "चल."

तिने नेलिदाचा दंड घट्ट पकडला आणि बोचकं मात्र उचलून पलीकडच्या खांद्यावर घेतलं. "आणि वाटेत मी लोकांना विचारत येणार हं, दवाखाना इकडेच आहे का म्हणून. वाईट वाटून घेऊ नकोस."

"विचारा," नेलिदा म्हणाली.

दवाखान्यापर्यंत तिने चार जणांना विचारलं. पाववालीला, एका पोलिसाला, शाळेतल्या एका मुलीला आणि दवाखान्याच्या दारातल्या फुलवालीलासुद्धा. नेलिदा प्रत्येक वेळी शेजारी उभी राहिली, आणि उत्तर येईपर्यंत थांबली.